कॅसेट घेण्याआधी ती कुठल्या देशाची ते बघा

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम मशीनवरच्या ‘काँट्रा हार्ड कॉर्प्स’नं (१९९४) मला जेवढं झुंजवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच गेमनं नाही. माझ्याकडे अमेरिकन कॅसेट होती. एक गोळी लागली की लाइफ गेली, हरल्यावर पुढे खेळू देणारे कंटिन्यू मोजकेच. कित्येक महिने मी त्याच दोन-तीन बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूंपाशी, अडकून होते. पुढे जपानी मशीन घेतलं, त्याबरोबर याच गेमची जपानी कॅसेट आली आणि कळलं की तिथे एका लाइफमध्ये तीन फटके सोसता येतात, कंटिन्यूही हवे तेवढे. गेम तोच, बॉसही तेच. म्हणून जुन्या गेम जमवायला निघालेल्यांना मी आधी हेच सांगते: नुसतं नाव बघून पैसे मोजू नका, कॅसेट कुठल्या देशाची आहे ते विचारा.

हा फरक का पडला, तेही लक्षात ठेवा, म्हणजे अंदाज बांधता येतो. अमेरिकेत गेम भाड्यानं मिळायच्या. शनिवार-रविवारात संपणारी गेम विकत कोण घेणार? म्हणून तिकडे जाताना बऱ्याच ॲक्शन गेम मुद्दाम अवघड केल्या गेल्या. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ३’ची अमेरिकन आवृत्ती इझीवर लावली तर पाचव्या लेव्हलनंतर पुढे जाऊच देत नाही. ‘कॅसलव्हेनिया ३’मध्ये तर अवघडपणाच्या जोडीला आवाजही बदलला. जपानी कॅसेटमध्ये व्हीआरसी६ नावाची चिप आहे, ती फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या जपानी मशीनच्या) आवाजात तीन जादा चॅनेल मिसळते. अमेरिकन कॅसेटमध्ये ती नाही. संगीतासाठी ही गेम हवी असेल तर जपानीच घ्या, आणि खऱ्या फॅमिकॉमवर लावा. अडॅप्टर वापरून एनईएसवर, म्हणजे त्याच मशीनच्या अमेरिकन अवतारावर, लावलीत तर, मशीनमध्ये फेरफार केल्याशिवाय, ते जादा चॅनेल ऐकूच येत नाहीत.

पण ‘जपानी म्हणजे सोपी’ असा नियम मात्र करू नका. १९८६ मध्ये जपानात आलेली ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ इतकी कठीण होती की अमेरिकेला त्या नावानं वेगळीच गेम दिली गेली. मूळ गेम तिकडे पोचली १९९३ मध्ये, ‘ऑल-स्टार्स’ संग्रहात. ‘फायनल फँटसी ४’ उलट अमेरिकेसाठी सोपी केली होती. आणि गोष्टीवर चालणारी गेम जपानी घेऊन उपयोग नाही, भाषा येत नसेल तर तुम्ही मेनूमध्येच अडकाल. मारामारी, धावपळ, विमानं पाडणं, यांना भाषा लागत नाही. तिथे जपानी सुटी, म्हणजे खोक्याविना, कॅसेट बहुधा स्वस्तही पडते.

युरोपातली, तिथल्या पाल टीव्ही पद्धतीसाठी केलेली कॅसेट घेताना जपून. तिथला टीव्ही ५० हर्ट्झचा, जपान-अमेरिकेचा ६० चा. वेग जुळवून न घेतलेली गेम त्यामुळे सुमारे १७ टक्के हळू चालते, संगीतही रेंगाळतं, आणि चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात. धावण्यासाठीच केलेली ‘सॉनिक’ अशी बघवत नाही.

मशीनचं गणित वेगळं. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या ७२, म्हणून एकीच्या मशीनमध्ये दुसरी थेट बसत नाही. अमेरिकन सुपर निन्टेंडोत जपानी कॅसेट अडते ती आतल्या प्लॅस्टिकच्या दोन खुंट्यांमुळे. हातात धरून खेळायच्या गेम बॉयला असलं बंधन नाही, त्याची कुठल्याही देशाची कॅसेट चालते. आणि एक कळकळीची सूचना: अमेरिकन एनईएसचा पॉवर अडॅप्टर फॅमिकॉमला लावू नका. पिन बसते, पण तो ९ व्होल्ट एसी देतो आणि फॅमिकॉमला डीसी लागतो. मशीन जळेल.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. खेळायचं असेल तर सुटी कॅसेट घ्या. खोका आणि माहितीपुस्तिका आली की किंमत कितीतरी पटींनी चढते. २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५.६ लाख डॉलरला गेली, पण खेळणाऱ्याचा त्या बाजाराशी संबंध नाही. आपण बजेट ठेवायचं ते पाठवणीच्या खर्चासाठी, पेचकसासाठी आणि बॅटरीसाठी.

हा पेचकस नेहमीचा नसतो, निन्टेंडोच्या बऱ्याच कॅसेटना ३.८ मिलिमीटरचा खास लागतो. तो घ्याच, कारण नकली माल आत उघडून बघितल्यावरच पकडता येतो. अस्सल बोर्डावर निन्टेंडोचं नाव आणि साल छापलेलं असतं. नकलीवर बरेचदा चिपच्या जागी काळा गोळा चिकटवलेला दिसतो. गेम बॉय ॲडव्हान्सची कॅसेट तर उघडावीही लागत नाही: खालच्या फटीतून सोनेरी पट्ट्यांच्या वर बघा, ‘निन्टेंडो’ ही अक्षरं दिसायला हवीत.

उघडलीच आहे तर साफ करून घ्या. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सोनेरी पट्ट्यांवरून फिरवा. पहिली काडी काळीकुट्ट निघते, चौथी-पाचवी पांढरी राहते, तिथे थांबा. फुंकर मारू नका, ओल्या श्वासानं पट्ट्या गंजतात.

सेव्ह ठेवणाऱ्या सुपर निन्टेंडोच्या कॅसेटमध्ये सीआर२०३२ बॅटरी असते. ती संपली की सेव्ह टिकत नाही. बदलताना पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी आणा, थेट बॅटरीवर डाग देऊ नका. जुनी बॅटरी काढली की आतलं सेव्ह जातं, म्हणून आधी कॅसेट-रीडरनं ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. माझ्या एका कॅसेटमध्ये आधीच्या मालकाचं शेवटच्या बॉसपर्यंत आणलेलं सेव्ह होतं. नवी बॅटरी बसवून मी ते परत घातलं, माझा गेम दुसऱ्या स्लॉटमध्ये चालू आहे.