घरचं चार्जिंग स्वस्त की पेट्रोल? हिशेबातल्या या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी घेऊन महिना झाला की बहुतेक जण हिशेब मांडतात आणि बहुतेकांचा हिशेब एकाच जागी चुकतो. गाडीच्या पडद्यावर दिसणारी सरासरी उचलायची, तिला विजेच्या दराने गुणायचं आणि पेट्रोलच्या खर्चाशेजारी ठेवायचं. आकडा इतका देखणा येतो की पुढे कुणी तपासतच नाही. मग बिल येतं आणि दोष मीटरवर जातो.

पडद्यावरचा आकडा म्हणजे बिलाचा आकडा नव्हे

पडद्यावरची सरासरी सांगते की चालताना बॅटरीतून किती वीज गेली. तुम्ही पैसे मोजता ते मीटरमधून गेलेल्या विजेचे. या दोन्हींच्या मध्ये घराची वायर आहे, गाडीतला चार्जर आहे, आणि चार्जिंग चालू असताना जागे राहणारे गाडीचे पंप व संगणक आहेत. प्रत्येक जण आपला वाटा घेतो.

एका घरातलं उदाहरण पाहा. महिन्याचं चालणं १,२०० किमी, पडद्यावर सरासरी १०० किमीला १४ युनिट. म्हणजे १६८ युनिट व्हायला हवे होते. बिलात वाढले २३०. मालकाने मीटर तपासणीचा अर्ज केला, मीटर बरोबर निघाला. मग दोन वायरमन येऊन गेले, त्यांनाही कुठे गळती सापडली नाही. गळती नव्हतीच. गाडी पार्किंगमधल्या साध्या सॉकेटवर १० अँपिअरने चार्ज होत होती, आणि वीज नेमकी तिथेच जात होती.

१० अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर २.३ किलोवॉट. मीटरपासून सॉकेटपर्यंत १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, अंतर २५ मीटर. जाऊन-येऊन ५० मीटर वायरचा रोध साधारण ०.६ ओहम भरतो, म्हणजे ६० वॉट वायर तापवण्यात गेले. गाडीचे पंप आणि संगणक चार्जिंगभर ३०० वॉटच्या आसपास खात होते. उरलेल्यातून घरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करताना आणखी सहाएक टक्के गेले. बॅटरीत पोचले जेमतेम १.८ किलोवॉट, मीटरवर लागलेल्या विजेच्या ७९ टक्के. १६८ ला ०.७९ ने भागा, २१३ येतात. उरलेले १७ युनिट गाडीच्या कॅमेऱ्यांच्या पहाऱ्याचे. शनिवार-रविवारी गाडी घरी उभी असताना तो चालूच राहायचा, आणि उभ्या गाडीत तो तासाला पाव युनिट सहज खातो.

यातला ३०० वॉटचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण ‘हळू चार्ज केलं की वीज वाचते’ हा समज इथेच मोडतो. हा खर्च जवळपास ठरलेला असतो, चार्जिंग हळू असो की जलद. २.३ किलोवॉटमधून ३०० वॉट गेले तर १३ टक्के गेले, ७.४ किलोवॉटमधून गेले तर ४ टक्के. याच गाडीला ३२ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जिंग बॉक्स आणि ६ चौरस मिमीची वायर दिली, तर बॅटरीत सुमारे ८८ टक्के वीज पोचते. १६८ युनिटसाठी मीटरवर १९१ लागतात, आणि घरी असताना कॅमेरे बंद ठेवले तर तेवढ्यावरच भागतं.

उपाय म्हणाल तर माझा एकच आग्रह आहे: चार्जिंगच्या लाइनवर वेगळा सब-मीटर बसवा. अ‍ॅपमधले आलेख बघायला छान असतात, पण काही गाडीच्या बाजूने मोजतात, काही बॉक्सच्या, आणि कोणता कुठून मोजतो ते लिहिलेलं नसतं. सब-मीटरचं रीडिंग आणि ओडोमीटरचा आकडा एकाच दिवशी, एकाच वहीत लिहायचा. पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही नोंदींच्या वेळी बॅटरी साधारण सारख्याच टक्क्यांवर हवी, नाहीतर वीस-तीस युनिट अधांतरी राहतात. निदान १,००० किमी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण गाडीचा जोर बघत असतो. त्या आठवड्याचा हिशेब कशालाच धरून नसतो, आणि लोक नेमका तोच चारचौघांत सांगतात.

तुलना किमतींच्या गुणोत्तराने करा

वीज किती स्वस्त, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या गावातल्या दरावरून मिळत नाही. दोन आकडे काढा: पेट्रोल गाडी एका लिटरला किती किमी जाते आणि इलेक्ट्रिक गाडी मीटरवरच्या एका युनिटला किती. पहिल्याला दुसऱ्याने भागा. वरच्या घरात २३० युनिटमध्ये १,२०० किमी, म्हणजे युनिटला ५.२ किमी. जुनी पेट्रोल गाडी लिटरला १५ देत असेल तर उत्तर २.९. एक लिटर पेट्रोलची किंमत एका युनिटच्या किमतीच्या २.९ पटींपेक्षा जास्त असेल, तर घरची वीज स्वस्त. चार्जिंग सुधारल्यावर तोच आकडा २.४ वर येतो. पडद्यावरची सरासरी धरली असती तर २.१ आला असता, आणि तो खोटा असता.

समोर लिटरला २५ किमी देणारी हायब्रिड असेल तर हीच मर्यादा ४ ते ४.८ पटींवर जाते. जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाडीशी तुलना करून नव्या गाडीची बचत सांगणं मला पटत नाही. आज दोन्हींतली एक निवडायची असेल, तर आजच्याच दोन गाड्या शेजारी ठेवा.

पेट्रोलच्या बाजूलाही माहितीपत्रकातलं मायलेज घेऊ नका. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, आणि अशा तीन-चार टाक्यांचे एकूण किमी भागिले एकूण लिटर असा आकडा काढा. एकाच टाकीवर भरवसा नको, कारण नोझल प्रत्येक पंपावर थोडं वेगळ्या ठिकाणी थांबतं.

कोणता दर धरायचा?

बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, ही सरासरी इथे चालत नाही. दर टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर घराची नेहमीची वीज खालचे टप्पे भरते आणि गाडीचे युनिट सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यात पडतात. बरोबर रीत अशी: महिन्याचे एकूण युनिट घ्या, त्यातून सब-मीटरवरचे गाडीचे युनिट वजा करा, एकूण आणि उरलेले, दोन्हींचं बिल त्याच दरपत्रकाने मांडा आणि फरकाला गाडीच्या युनिटनी भागा. मंजूर भार वाढवल्यामुळे स्थिर आकार वाढला असेल तर तोही फरकात येऊ द्या.

रात्रीच्या सवलतीच्या दरात दोन फसगती होतात. काही योजनांत रात्र स्वस्त करताना दिवसाचा दर चढवलेला असतो, म्हणून सबंध घराचं बिल मांडल्याशिवाय योजना बदलू नका. दुसरी फसगत वेळापत्रकाची. गाडीतही वेळ लावायची आणि बॉक्समध्येही. मग बॉक्स उघडतो तेव्हा गाडी झोपलेली, गाडी जागी होते तेव्हा बॉक्स बंद, आणि सकाळी बॅटरी काल होती तिथेच. वेळ एकाच ठिकाणी लावा. शक्यतो गाडीत, कारण तिला किती टक्के भरायचं आहे ते ठाऊक असतं.

छतावरच्या सोलरची वीजही फुकट धरू नका. ती ग्रिडला दिली असती तर जे मिळालं असतं, तीच तिची किंमत.

सॉकेटवरची काटकसर

ही दुसरी चूक पैशांपलीकडची आहे, आणि ती पाहून खरंच जीव तुटतो. लाखमोलाची गाडी, आणि तिला वीज पुरवणारं सॉकेट दहा वर्षं जुनं, मिक्सर-इस्त्रीसाठी बसवलेलं. इस्त्री वीस मिनिटं चालते, तीही थर्मोस्टॅटवर थांबत-थांबत. गाडी दहा-दहा तास न थांबता पूर्ण भार ओढते, रोज रात्री.

बिघाड असा होतो. सॉकेटच्या मागचा स्क्रू रोज तापतो, रोज थंड होतो, आणि हळूहळू सैल पडतो. सैल जोडाचा रोध समजा ०.१ ओहम झाला. १५ अँपिअरवर तिथे २२.५ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. आणि एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच) पडत नाही! पडणार कशी, करंट तर ठरलेलाच वाहतोय. आधी पिनच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळट पडतं, मग तपकिरी, मग पिन ओढताना अडकायला लागते. जळक्या प्लास्टिकचा वास येईपर्यंत आतल्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. अशा वेळी नुसतं सॉकेट बदलून भागत नाही. करपलेला भाग कापून चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे जावं लागतं, आणि वायर अपुरी पडली तर नवी ओढावी लागते.

चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथल्या तिथे थांबवा. वायरिंग होईपर्यंत गाडीतून करंट ८ किंवा १० अँपिअरवर आणा. वीज थोडी जास्त वाया जाईल, ती जाऊ द्या. एक्स्टेन्शन बोर्ड आणि अ‍ॅडॉप्टर अजिबात नको, आणि रिळावर गुंडाळलेली वायर तर नकोच नको, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

३२ अँपिअरच्या बॉक्ससाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, कमीत कमी ६ चौरस मिमी तांबं (अंतर लांब असेल किंवा वायर बंद पाइपातून जात असेल तर १०), ४० अँपिअरची एमसीबी, ३० मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण आणि मोजून घेतलेलं अर्थिंग. गळती-संरक्षण घेताना ‘एसी’ प्रकाराचं साधं आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घेऊ नका, गाडीकडून आलेल्या डीसी गळतीने ते आंधळं होऊ शकतं. बॉक्समध्ये ६ मिलीअँपिअरचा डीसी शोधक असेल तर ‘ए’ प्रकार पुरतो, नसेल तर ‘बी’ लागतो.

बाकीच्या चुका

गाडीतला चार्जर ७.२ किलोवॉटचा असताना २२ किलोवॉटचा बॉक्स घेऊ नका. गाडी ७.२ च घेणार.

बाहेरचं जलद चार्जिंग हिशेबातून वगळू नका. ते घरच्या दराच्या तिप्पट असेल आणि पाचातला एक युनिट तिथून येत असेल, तर सरासरी दर ४० टक्क्यांनी चढतो.

उन्हाळ्यातल्या हिशेबावर वर्ष काढू नका. कडाक्याच्या थंडीत इलेक्ट्रिक गाडीला केबिन बॅटरीतूनच तापवावी लागते, पेट्रोल गाडीला इंजिनची वाया जाणारी उष्णता आयती मिळते.

महामार्गावरचा वेग विसरू नका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० ऐवजी १२० ने गेलात तर तो जवळपास १.८ पट होतो.

बॉक्स आणि वायरिंगचा खर्च ‘एकदाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. पेट्रोलच्या तुलनेत किमीमागे जी बचत सब-मीटरवरून निघाली, तिने या खर्चाला भागा. किती किमीनंतर तो वसूल होतो ते कळेल. वर्षाला ५,००० किमी चालणाऱ्याला १६ अँपिअरची स्वतंत्र, जाड वायरची लाइन आणि चांगलं औद्योगिक सॉकेट पुरेसं आहे. त्याने ३२ अँपिअरच्या बॉक्सच्या मागे लागायचं कारण नाही.