फिलिपिनो बोलायला शिकताय? आधी ‘आको’ आणि ‘को’ सोडवा

‘रोज वीस शब्द पाठ कर’ हा सल्ला मला फिलिपिन्समध्ये, मनिलात, पहिल्याच आठवड्यात मिळाला. वही भरली, पण सरळ वाक्य काही तोंडातून निघेना. शब्दांच्या याद्या बाजूला ठेवा. ‘माबुहाय’सुद्धा ठेवा, तो स्वागताच्या फलकांवरचा शब्द आहे, गल्लीत भेटलेला माणूस ‘कुमुस्ता’ (कसं काय) म्हणतो.

कुमुस्ता, सालामात (धन्यवाद), इंगात (सांभाळून जा) दोन दिवसांत बसतात. वडीलधाऱ्यांशी आणि अनोळखी माणसांशी बोलताना वाक्यात आदराचा ‘पो’ घालायचाच, आणि ‘हो’ला ‘ओपो’. थोड्या मोठ्या बाईला ‘आते’, पुरुषाला ‘कुया’, आपले ताई-दादाच.

मग जीपनीत, म्हणजे तिथल्या लांब जीपसारख्या प्रवासी गाडीत, बसा. भाडं पुढच्या प्रवाशाच्या हातात देत ‘बायाद पो’, उतरायचं असेल तिथे ‘पारा पो’. बाजारात ‘मागकानो पो?’ म्हणजे ‘केवढ्याला?’. उत्तर बऱ्याचदा स्पॅनिश आकड्यांत येतं: बेइन्ते वीस, सिंगक्वेन्ता पन्नास. 1565 ते 1898 तिथे स्पॅनिश राजवट होती. आपण पोर्तुगिजांकडून बादली घेतली, तसं त्यांनी स्पॅनिशांकडून ‘बाल्दे’ आणि ‘मेसा’ (टेबल) घेतलं.

‘तायो’ आणि ‘कामी’वर वेळ घालवू नका. तायो म्हणजे आपण, कामी म्हणजे आम्ही. हिंदी किंवा इंग्रजीतून शिकणारे इथे अडतात, मराठी माणसाला काही करावं लागत नाही.

आता खरी अडचण. ‘मी’ला दोन शब्द आहेत, आको आणि को, आणि कुठला घ्यायचा ते क्रियापद ठरवतं. ‘कुमाइन आको नांग इस्दा’ म्हणजे मी मासे खाल्ले, कुठले ते महत्त्वाचं नाही. ‘किनाइन को आंग इस्दा’ म्हणजे तो मासा मी खाल्ला, समोरच्याला माहीत असलेला. मूळ शब्द काइन. त्यात ‘उम’ घुसला तर आको, ‘इन’ घुसला तर को. दोन्हींची सरमिसळ करून ‘किनाइन आको नांग इस्दा’ म्हटलंत तर अर्थ होतो, माशाने मला खाल्लं. मी हे वाक्य जवळजवळ वर्षभर बोलत होते. लोक सभ्य, कुणी टोकलं नाही. म्हणून घरमालकिणीला किंवा सहकाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की चुकलं तर तिथल्या तिथे थांबवा.

‘हे इंग्रजी पॅसिव्हसारखं आहे’ असं कुणी समजावलं तर ऐकू नका. मला ते उलगडलं आपल्या व्याकरणातून. ‘मी मासा खाल्ला, मी भाकरी खाल्ली’ म्हणताना आपलं क्रियापदही खाणाऱ्याला सोडून पदार्थाच्या मागे जातं. किनाइनचं तेच आहे, फक्त आपलं हे भूतकाळापुरतं; त्यांचं सगळ्या काळांत चालतं. किनाकाइन को: मी ते खातेय. काकाइनिन को: मी ते खाईन.

क्रियापद सुटं पाठ करू नका, जोडीनेच करा: कुमाइन-किनाइन, उमिनोम-इनिनोम (पिणं), बुमिली-बिनिली (विकत घेणं), कुमुहा-किनुहा (उचलून घेणं). प्रत्येक जोडीची दोन वाक्यं, मोठ्याने, पंधरा दिवस. ‘माग’ने सुरू होणारी क्रियापदं त्यानंतर. मधेच सुरू केलीत तर दोन्हीकडचं सुटेल.

लिहिलेलं वाचताना एन-जी ही दोनच अक्षरं सुटी दिसली तर ‘नांग’ वाचा, एम-जी-ए दिसलं तर ‘मांगा’. आघातही ऐका: गाबीमध्ये ‘गा’वर जोर दिला तर अळू, ‘बी’वर दिला तर रात्र. आणि फिलिपिन्समधल्याच सेबू बेटावर जाणार असाल तर तिथे घरात बिसाया ही वेगळी भाषा बोलतात, पण फिलिपिनो समजतात.

सुरुवातीला एवढंच पक्कं करा. भेटल्यावर तिथेही पहिला प्रश्न आपलाच असतो: ‘कुमाइन का ना?’, जेवलीस का? उत्तर द्या: ‘ओपो, कुमाइन ना पो आको.’