फोनला हार्ड डिस्क जोडताना या चुका टाळा

ओटीजी केबलने (फोनला डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडायची केबल) डिस्क लावली की फोनवर सूचना येते: ड्राइव्हमध्ये अडचण आहे, दुरुस्त करण्यासाठी टॅप करा. या 'दुरुस्त'ला भुलू नका. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. ती विंडोजवर एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) फॉरमॅट केलेली असते आणि अनेक अँड्रॉइड फोनना ते वाचताच येत नाही. पुढे दिसणारं बटण 'फॉरमॅट'चं, म्हणजे सगळं पुसण्याचं असतं.

आमच्या मामेभावाने नेमकं तेच दाबलं. बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली फोटोग्राफरची डिस्क, जमलेले पाहुणे आणि "दाखव ना पटकन" हा घोषा. डिस्क कोरी झाल्यावर मला फोन आला. तोवर या शहाण्याने ती चालते का हे बघायला तिच्यावर दोन सिनेमेही टाकले होते! फॉरमॅटनंतर जुना डेटा बऱ्याचदा जागेवरच असतो. त्यावर नवं लिहिलं की मात्र तेवढा भाग कायमचा जातो. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढलं. बरेच फोटो मिळाले, पण फाइलींची नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. हळद, सीमांतपूजन, रिसेप्शन सगळ्याची खिचडी; निवडत बसली बिचारी मामी.

माझी सवय सांगतो. डिस्क आधी कॉम्प्युटरला लावायची, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टीम बघायची. एनटीएफएस असेल तर डेटा दुसरीकडे कॉपी करायचा आणि मगच एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट करायचं. विंडोज, मॅक, आयफोन (आयओएस १३ पासून) आणि आजचे बहुतेक अँड्रॉइड फोन ते वाचतात. एनटीएफएस वाचून देणारी अ‍ॅप मिळतात, पण तो जुगाड मला पटत नाही. बघण्यापुरतं ठीक, लिहायला मुळीच नाही.

"पन्नास जीबी रिकामे आहेत, तरी व्हिडिओ कॉपी होत नाही" हे दर स्नेहसंमेलनानंतर ऐकतो. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टीमचा असतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. नवा पेनड्राइव्ह आणायला धावू नका, इथेही एक्सफॅटच.

कॉपी संपली की 'इजेक्ट' करा. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल उपटली तर फाइल बिघडू शकते. दोन सेकंदही ज्यांना थांबवत नाही त्यांनी बॅकअपच्या भानगडीत पडू नये.

काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं; केबल बदलण्याआधी तिथे बघा. आयफोनला एकच पार्टिशन (डिस्कचा कप्पा) असलेली डिस्क लागते.

हार्ड डिस्क टकटक आवाज करून बंद पडत असेल तर तिला फोनकडून पुरेशी वीज मिळत नसेल. स्वतंत्र चार्जर लागणारा यूएसबी हब मध्ये लावून बघा. तरीही टकटक थांबली नाही, तर डिस्कच खरोखर आजारी आहे. मग ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.