आधी चादर टांगा, मग बॉडी बदला

सोलापूरची गड्डा यात्रा जवळ आली की ओळखीतली पोरं विचारतात, "दादा, फुल फ्रेम कॅमेरा घेऊ का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला: पुढं लेन्स कुठली लावलीय बे? बहुतेकांकडं बॉडीसोबत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यासोबत, आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स असते.

फुल फ्रेम सेन्सर (फोटो टिपणारी चिप) ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्याहून लहान एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ (कॅननचा थोडा लहान). ॲपर्चर (लेन्सचं उघडझाप होणारं भोक) आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) तेच ठेवलं, तर मोठा सेन्सर एकूण अडीच पटीच्या आसपास उजेड गोळा करतो, म्हणून अंधारात नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) कमी दिसतो. फरक खरा आहे, पण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

आता लेन्सचं गणित बघा. १८-५५ ही ५५ वर एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं). ५० एमएम १.८ जवळपास दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत शटर १/२०० सेकंदापेक्षा मंद केलं की बाराबंदीतल्या मानकऱ्यांचे हात फोटोत हललेले येतात. तिथं ५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता; वाढवली की नॉइज वाढतो) ६४०० लागत असेल, तर १.८ ला ६४० मध्ये भागतं. फक्त १.८ वर एकच चेहरा शार्प येतो. मागचाही हवा असेल तर ॲपर्चरचा आकडा वाढवा. आणि गर्दीत मागं सरकायला जागा नसते. एपीएस-सीवर ५० एमएम ७५-८० सारखी दिसते, त्यामुळं मी ३५ एमएम १.८ घ्यायला सांगतो.

हातातली लेन्स तपासायची असेल तर घरातली सोलापुरी चादर काढा. सावलीतल्या भिंतीवर ताणून टांगा, सुरकुती नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, चादरीला अगदी समोरासमोर, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००. आधी लेन्स पूर्ण उघडी (सगळ्यात लहान एफ आकडा), मग ४, ५.६, ८, १६ असे फोटो घ्या. कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठं करून आधी मधली नक्षी बघा, मग कोपऱ्यातली. उघड्या लेन्सला कोपऱ्यातले धागे एकमेकांत मिसळलेले दिसतील, ५.६ ते ८ ला सुटे होतील, १६ ला सगळंच पुन्हा मऊ, म्हणजे थोडं अस्पष्ट, पडेल. एकच कोपरा कायम मऊ राहिला, तर आधी चादर-कॅमेरा सरळ आहेत का बघा. असतील तर लेन्समधली काच तिरकी बसलीय.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काळवीट टिपणाऱ्यांना तर लहान सेन्सरच सोयीचा. ३०० एमएमची लेन्स तिथं ४५० सारखी जवळ आणते. मात्र सकाळीच जा. उन्हं तापली की जमिनीवरची हवा थरथरते आणि लाखाची लेन्सही मऊ फोटो देते.

१.८ ची लेन्स लावूनही लग्नाच्या हॉलमध्ये आयएसओ ६४०० च्या वर जात असेल, तर घ्या फुल फ्रेम, बिनधास्त. एपीएस-सीसाठी बनलेल्या लेन्स मात्र तिथं पुरत नाहीत: कोपरे काळे पडतात, नाहीतर कॅमेरा मधलाच तुकडा वापरतो, आणि काही बॉडींवर तर त्या बसतच नाहीत. म्हणून बजेट धरताना बॉडीसोबत लेन्सचाही खर्च धरा.