उंचावरच्या तळ्याकाठी ट्रेक आणि क्लाइंबिंग: या चुका टाळा

रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने बारी गाव, सकाळी कळसूबाई आणि रात्री जेवायला ठाण्यात घरी. हे गणित आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की काश्मीरच्या विशनसर-गंगाबल तलावांच्या ट्रेकला निघतानाही आपण तेच घेऊन निघतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. विशनसर तलाव सुमारे ३७०० मीटरवर आहे. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई उभी केली तरी तळ्याचं पाणी चारशे मीटर वरच राहतं.

माझी पहिली चूक तिथेच झाली. पावसाळाभर ठाण्याच्या येऊरचा चढ धावत केला होता, त्यामुळे सोनमर्गहून निघाल्यावर निचनाईच्या मुक्कामावर सगळ्यांच्या आधी पोचलो. सोनमर्ग सुमारे २७०० मीटरवर आणि हा मुक्काम साडेतीन हजारांच्या आसपास. संध्याकाळी कपाळाच्या मागे ठणकायला लागलं. विचारणाऱ्याला मी ‘ऊन लागलं’ म्हणून सांगितलं. राजमा-चावल समोर आला आणि घास उतरेना. गाईड काही बोलला नाही. त्याने तंबूची दोरी जमिनीवर सरळ टाकली आणि टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो, सरळ चाललो. म्हणून दुसरा दिवस तिथेच मुक्काम. तोल गेला असता तर रात्रीच खाली उतरवणार होता, हे त्याने सकाळी चहा देताना सांगितलं.

फिट माणसाला उंची लागत नाही, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, आणि त्याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. दमसास चांगला असलेला माणूस भरभर चढतो, म्हणून त्याला त्रास होण्याची शक्यता उलट वाढते. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा वर चढून आलात तर चालेल, झोपायला खाली या.

त्रास सुरू झालाच तर ओळखायचं कसं? डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं: इथे वर जाणं थांबवा, पाणी प्या, सोबतच्यांना सांगा. चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून गुलाबी फेस येणं: इथे सकाळची वाट बघायची नाही. काळोख असला तरी माणसाला खाली न्यायचं, आणि एकट्याला तर कधीच पाठवायचं नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. क्लाइंबर मंडळी त्याला थंडी समजून हातमोजे चढवत बसतात.

गाडीने जाणाऱ्यांचं तर आणखी अवघड. स्पितीतलं चंद्रताल सुमारे ४२५० मीटरवर आहे आणि मनाली दोन हजारांवर. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड चढायचीही गरज उरली नाही. सकाळी मनालीत पराठा खाल्लेला माणूस संध्याकाळी तळ्याजवळच्या तंबूत डोकं धरून बसतो. मध्ये एक-दोन रात्री कुठेतरी काढा. पाय वापरले नाहीत म्हणून उंची माफ करत नाही.

आता खडकाकडे. आपण मुंब्र्याच्या कातळावर शिकलेले. बेसॉल्ट, आडव्या पट्ट्यांचा, बोटांना धरायला कडा मिळतात, आणि कुठला रूट पावसाळ्यानंतर सुटा होतो हे जुन्या मंडळींना तोंडपाठ. त्यात नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा, म्हणजे रोपशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा, वर्ल्ड कप झाला. कृत्रिम भिंतीवर तयार झालेली पोरं आज आपल्याकडे बरीच दिसतात. बोटं जबरदस्त. पण भिंतीवरचा होल्ड, म्हणजे हातापायाने धरायची जागा, स्क्रूने आवळलेला असतो. तळ्याकाठचा धोंडा हिमनदीने कधीतरी आणून टाकलेला असतो आणि घराएवढा मोठा असला तरी टेकू कशाचा आहे, ते दिसत नाही. चढण्याआधी चारी बाजूंनी फिरून खाली वाकून बघा. होल्डवर मूठ आपटा. भद्द आवाज आला तर तो सोडा. टणक वाजला तरी आधी खाली दाबून बघा, बाहेर ओढू नका.

वेळेचंही तसंच. सह्याद्रीत आपण उन्हाच्या भीतीने पहाटे निघतो. इथे पहाट लागते ती दगडांसाठी. रात्री भेगांतलं पाणी गोठून दगड धरून ठेवतं, ऊन आलं की सोडतं. दुपारी कड्याखाली डबा उघडून बसू नका, आणि हेल्मेट फक्त चढताना नाही, खाली उभं राहून बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळतानाही.

रोप ओला झाला तर? दवानेही होतो. ओला नायलॉन कमजोर पडतो आणि रात्री गोठून काठीसारखा ताठ होतो, गाठ आवळतच नाही. सावलीत वाऱ्यावर वाळवा, स्टोव्हजवळ नाही. सकाळी बधिर बोटांनी आठच्या आकड्यासारखी गाठ बांधलीत तर जोडीदाराच्या हातून एकदा तपासून घ्या. हातमोज्यातून कॅराबिनरचा (रोप अडकवायच्या कडीचा) स्क्रू बंद झाल्यासारखा वाटतो, म्हणून दाबून बघायचा. क्लाइंबिंगचे घट्ट बूट दोन चढायांच्या मध्ये काढून जॅकेटच्या आत ठेवा, नाहीतर अंगठा आहे की नाही हेच कळत नाही. आणि रॅपलिंगच्या, म्हणजे खाली उतरायच्या, रोपच्या टोकाला गाठ मारा. मुंब्र्याला खालून मित्र ओरडतो, ‘रोप जमिनीला लागला!’ तळ्याकाठी वाऱ्यात पाच मीटरवरचं ऐकू येत नाही. रोपला किती झटके म्हणजे काय, ते जमिनीवर असतानाच ठरवा.

पाण्याबद्दल थोडंच. आपण ठाण्यातल्या मासुंदा तलावाला फेऱ्या मारत वाढलेली माणसं, निळंशार तळं दिसलं की उडी मारावीशी वाटते. मारू नका. बर्फाच्या पाण्यात पहिल्या मिनिटातच श्वास ताब्यात राहत नाही, पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. ओढे सकाळी ओलांडा. दुपारी वरचा बर्फ वितळला की घोट्याएवढं पाणी मांडीला लागतं. ओढा ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवायचा.

बाकी किरकोळ. कॉटनचा टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही. पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. चार हजारांवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजणार नाही.

सराव ठाण्यात काय करता येतो? उंचीचा नाही. पण सलग दिवसांचा येतो, आणि तोच आपण करत नाही. महिन्यातून एक दणदणीत ट्रेक आणि मग आठवडाभर पाय चोळत बसायचं, याने सात दिवस रोज दहा-बारा किलोमीटर चालायची तयारी होत नाही. शनिवारी पेब किल्ला, रविवारी दुखऱ्या पायांनीच कलावंतीण सुळका. उतरताना गुडघे काय म्हणतात ते सोमवारी लोकलच्या जिन्यावर कळेल.

निघताना मूळ आधार कार्ड सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, विशनसरच्या वाटेवर लष्कराच्या चौक्यांवर दाखवावं लागतं. इथलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. सोनमर्गच्या पुढे तेही बहुतेक मुकंच असतं, हे घरी आधी सांगून जा. मी सांगितलं नव्हतं. ट्रेकच्या शेवटी नारानागला उतरून, गाडीत बसून सिग्नल आला तेव्हा आईचे बेचाळीस मिस्ड कॉल होते, आणि मधल्या काळात तिने श्रीनगरच्या हॉटेलवाल्याला मराठीतून झापलं होतं.