स्टिअरिंगचा प्ले: बॉक्स खोलण्याआधी हे तपासा

जुन्या मेकॅनिकल स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरला प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाढला की स्टिअरिंगचा गिअर बॉक्स खोलायची घाई होते. आधी एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगा आणि ड्रॅग लिंक, टाय रॉड (बॉक्सपासून चाकांपर्यंत जोडणारे दांडे) यांच्या बॉल जॉइंटवर हात ठेवा. जॉइंट खटखटत असेल तर तोच बदला.

स्टिअरिंग व्हील बाजूला डुलत असेल तर कॉलमच्या (शाफ्टभोवतीच्या नळीच्या) वरच्या टोकाचा, शाफ्टला आधार देणारा बुश गेलाय. व्हील काढताना नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या आणि पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा. शाफ्टच्या डोक्यावर घण अजिबात नको. तो मार थेट खालच्या वर्मच्या (शाफ्टच्या टोकाच्या स्क्रूसारख्या गिअरच्या) बेअरिंगवर बसतो, आटेही चेपतात.

शाफ्ट वर-खाली सरकत असेल तर बेअरिंगचा प्ले वाढलाय. बऱ्याच मॉडेलमध्ये तो कॉलमखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून घालवतात. एका वेळी एकच पातळ शिम काढा. मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचला, खाली भक्कम ठोकळे द्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही जड लागलं तर शिम परत घाला.

बॉक्समध्ये मॅन्युअलमधल्या ग्रेडचं गिअर ऑइलच भरा. गळती थांबावी म्हणून काही जण ग्रीस कोंबतात. ते बाजूला ढकललं जातं आणि वर्म कोरडा पडतो. खरं तर सील बदलणं स्वस्त पडतं.