जुना लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर ड्रायव्हर टाकताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. चोपड्याहून फोन आला, "भाऊ, मन्हा लॅपटॉपमा वायफायच दिखत नही." मुलगी नर्सिंगला शिकते. घरात मोठ्या भावाचा आठ-दहा वर्षांचा जुना लॅपटॉप होता, तो फार रखडायला लागला म्हणून भावाने व्हिडिओ बघून नवी विंडोज टाकली. विंडोज छान बसली. पण वायफाय नाही, आवाज नाही, पडद्यावरची अक्षरं ताणल्यासारखी. आणि दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख.

अमळनेरला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पारोळा, धरणगाव, एरंडोल, चोपडा, कुठून कुठून लोक एस.टी.ने लॅपटॉप घेऊन येतात. पन्नास-साठ किलोमीटर येऊन जे काम होतं, ते बहुतेक वेळा घरी बसून होण्यासारखं असतं. लॅपटॉप बिघडलेला नसतोच. विंडोजला त्यातले सुटे भाग ओळखता आलेले नसतात, एवढंच. ती ओळख करून देणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक फॉरमॅटच्या आधी होते

फोटो, मार्कशीट, टॅलीचा डेटा यांची कॉपी लोक आठवणीने काढतात. ड्रायव्हरची कॉपी कोणी काढत नाही. आणि जुन्या लॅपटॉपची खरी दौलत तीच असते, कारण कंपन्या जुन्या मॉडेलची पानं त्यांच्या साइटवरून कधी काढून टाकतील याचा भरवसा नसतो.

काम पाच मिनिटांचं आहे. सी ड्राइव्ह उघडा, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, आणि त्यात फाइलरिपॉझिटरी नावाचा फोल्डर. हा पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. दोन-चार जीबी भरेल. चालू असलेल्या लॅपटॉपचे सगळे ड्रायव्हर त्यात असतात. नवी विंडोज टाकली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी) पिवळं चिन्ह असलेल्या ओळीवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' घ्या, मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' घेऊन हा फोल्डर दाखवा. खाली 'इन्क्लूड सबफोल्डर्स' वर टिक हवीच, ती राहिली तर विंडोज वरवर बघून 'काही सापडलं नाही' म्हणते. एक अट मात्र आहे. जुनी विंडोज ३२ बिटची आणि नवी ६४ बिटची असेल तर ही कॉपी कामाची नाही. ६४ बिटच्या विंडोजला ६४ बिटचेच ड्रायव्हर लागतात.

फॉरमॅट करून झालं असेल तरी लगेच हात टेकू नका. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर आहे का बघा. विंडोज टाकताना पार्टिशन (डिस्कचा तो कप्पा) पुसलं नसेल तर जुनी विंडोज त्यात तशीच गुंडाळून ठेवलेली असते, आणि वर सांगितलेला फाइलरिपॉझिटरीचा रस्ता त्याच्या आतही सापडतो. डिस्क क्लीनअप करण्याच्या आधी तो बाहेर काढा. चोपड्याच्या त्या लॅपटॉपमध्ये हा फोल्डर होता. फोनवर सांगत सांगत वायफाय आणि आवाज दोन्ही वीस मिनिटांत आले.

वायफायचा ड्रायव्हर आणायला वायफाय लागतं

हा पेच बहुतेकांना पडतो, आणि मग लोक सायबर कॅफेत जाऊन अंदाजाने पाच-सहा फाइली पेनड्राइव्हवर भरून आणतात. गरज नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज १० आणि ११ यांना त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंग करतात. घरात वायफाय असेल तर फोन त्या वायफायला जोडलेला ठेवा, तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं.

फोनच्या पॅकवर काम करत असाल तर जपून. नवी विंडोज नेट मिळताच अपडेट ओढायला लागते, आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक कधी संपला ते कळत नाही. आधी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कनेक्शन 'मीटर्ड' करा (म्हणजे विंडोज मोठे अपडेट आपोआप ओढत नाही), वायफायचा ड्रायव्हर तेवढा हाताने उतरवा, आणि बाकीचं घरच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर करा.

मॉडेलच्या नावावर विसंबणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लॅपटॉपच्या झाकणावर किंवा कीबोर्डशेजारी जे नाव छापलेलं असतं ते मालिकेचं असतं. एकाच मालिकेत, एवढंच काय, एकाच मॉडेलमध्येसुद्धा कंपनी कधी इंटेलचं वायफाय कार्ड बसवते, कधी रिअलटेकचं, कधी ब्रॉडकॉम किंवा अथेरॉसचं. म्हणून मित्राच्या 'सेम टू सेम' लॅपटॉपवर चाललेला ड्रायव्हर तुमच्याकडे चालत नाही. गावात आडनाव एकच असलं म्हणून घर एक होत नाही.

कंपनीच्या साइटवर जाताना खालच्या बाजूच्या स्टिकरवरचा नंबर घ्या. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, एचपीमध्ये प्रॉडक्ट नंबर आणि सिरियल नंबर असतो, लेनोव्होमध्ये सिरियल नंबर. स्टिकर घासून गेलं असेल तर बॅटरी काढून तिच्याखाली बघा, नाहीतर लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग) जा. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा नंबर तिथेही असतो.

तरीही एखादी ओळ पिवळीच राहिली, तर त्या भागालाच त्याचं नाव विचारायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. एक लांबलचक ओळ दिसेल. 'व्हेन' या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, 'डेव्ह' पुढची चार म्हणजे नेमकी चिप. व्हेन ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. यूएसबीवरच्या वस्तूंना व्हेन आणि डेव्हच्या जागी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतं. ही ओळ जशीच्या तशी कॉपी करून मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये किंवा सर्च इंजिनमध्ये टाका. अंदाजाने तासभर शोधण्यापेक्षा ही दोन मिनिटं कितीतरी बरी.

काही ओळी नेहमी भेटतात. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' दिसलं की लोक ते मोडेम किंवा ब्लूटूथ समजतात. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या चिपसेटमधला आतला कारभार बघणारा भाग) ड्रायव्हर असतो. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेट, बाकीच्या भागांना प्रोसेसरशी जोडणारी चिप. 'बेस सिस्टिम डिव्हाइस' असं दोन-तीनदा दिसलं तर आधी मेमरी कार्ड रीडरचा ड्रायव्हर बघा. आणि नुसतं 'अननोन डिव्हाइस' असेल तर घाबरायचं कारण नाही. डेलमध्ये आयडीत 'एसएमओ८८००' आलं किंवा एचपीमध्ये 'एचपीक्यू०००४' आलं, तर तो लॅपटॉप पडताना हार्डडिस्क वाचवणाऱ्या सेन्सरचा भाग आहे. त्यात आता एसएसडी (आत फिरणारी तबकडी नसलेली डिस्क) बसवली असेल तर ती ओळ पिवळी राहिली तरी काही अडत नाही.

आधी कळस, मग पाया

लोकांना घाई असते ती पडदा नीट दिसायची आणि गाणी वाजायची. म्हणून आधी ग्राफिक्स आणि ऑडिओ टाकतात. क्रम असा ठेवा: आधी चिपसेट आणि मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, मग नेटवर्क आणि ऑडिओ, शेवटी टचपॅड, कार्ड रीडर आणि फंक्शन बटणांचं सॉफ्टवेअर. चिपसेटनंतर आणि ग्राफिक्सनंतर रीस्टार्ट करायलाच हवं. चिपसेट बसला की पिवळ्या ओळींपैकी दोन-तीन आपोआप गळून पडतात.

ज्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं आणि एनव्हिडिया किंवा एएमडीचं अशी दोन ग्राफिक्स असतात, तिथे इंटेलचा ड्रायव्हर आधी टाका. उलटं केलं की काही लॅपटॉपमध्ये काळा पडदा येतो. फार जुन्या एनव्हिडियाला नवीन ड्रायव्हर चालतच नाही, कारण कंपनीने त्या पिढीचा आधार थांबवलेला असतो. फर्मी पिढीच्या (२०१० च्या सुमाराच्या) चिपसाठी ३९१ नंबरच्या ड्रायव्हर मालिकेवरच थांबायचं. त्यापुढचा नंबर मोठा दिसला म्हणून तो चांगला असं नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' दिसत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही असं समजा. ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, व्हिडिओ अडखळतो, पॉवरच्या मेनूतून 'स्लीप' गायब होतं, ही सगळी त्याचीच लक्षणं. याला रॅम कमी पडली म्हणून नवी रॅम घेणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर'

हे टाळा, कळकळीने सांगतो. फुकट म्हणून उतरवलेली असली सॉफ्टवेअरं वर ब्राउझर बदलतात, जाहिराती आणतात, शेवटी पैसे मागतात, आणि जुन्या लॅपटॉपला भलत्याच मॉडेलचा टचपॅड ड्रायव्हर चिकटवतात. विंडोजकडेच चांगली सोय आहे. विंडोज अपडेटमध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' उघडा, तिथे 'ड्रायव्हर अपडेट्स' ची वेगळी यादी असते. बरेच जण तिथवर जातच नाहीत. आधी हे बघा, राहिलेलं कंपनीच्या साइटवरून घ्या.

साइटवर विंडोज १० चा ड्रायव्हर नसेल आणि ८.१ किंवा ८ चा असेल तर तो चालून जायची शक्यता चांगली असते. सेटअप 'ही सिस्टिम चालत नाही' म्हणून अडला, तर फाइल उलगडून झालेला फोल्डर शोधा (एचपीच्या फाइली सी ड्राइव्हवर 'एसडब्ल्यूसेटअप' मध्ये उलगडतात) आणि डिव्हाइस मॅनेजरमधून तो फोल्डर दाखवा. मात्र ड्रायव्हरवर डिजिटल सही (तो बनवणाऱ्याची खूण) नाही म्हणून विंडोज अडवत असेल, म्हणजे त्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड ५२ येत असेल, तर ती तपासणी कायमची बंद करून ठेवू नका. दुसरा ड्रायव्हर शोधा.

कोडवरून आणखी दोन गोष्टी कळतात. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. १० म्हणजे बसला आहे पण भाग सुरू होत नाही, तिथे जुनी आवृत्ती टाकून बघायची. अपडेटनंतर चांगला चाललेला आवाज गेला, तर 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक' असतं, ते आधी वापरा.

ड्रायव्हरचा दोष नसतानाही ड्रायव्हर बदलत बसणं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायची ओळच नाही, पिवळी पण नाही, आणि अननोनही काही नाही, तर जगातला कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं सरकवायचं बटण असायचं, ते बंद आहे का बघा. बायोसमध्ये ते बंद केलंय का बघा. दोन्ही ठीक असेल तर कार्ड सैल आहे किंवा गेलं आहे.

उन्हाळ्यात दुसराच प्रकार. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि दोष नव्या विंडोजवर आणि ड्रायव्हरवर जातो. जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांच्या लॅपटॉपच्या पंख्यातून मी कापसाच्या तंतूंची अख्खी गादी काढली आहे. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, ड्रायव्हरला हातही लावला नाही, आणि लॅपटॉप पळायला लागला.

आणि बायोस. ड्रायव्हरच्या यादीत बायोसचं अपडेट दिसलं की लोक तेही दाबून टाकतात. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वर गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर लॅपटॉप चालूच होत नाही. बॅटरी धड नसेल तर बायोस राहू द्या. बायोसमध्ये साटाचा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत (एएचसीआय किंवा रेड), विंडोज टाकल्यानंतर बदलू नका. बदललात आणि निळा पडदा आला तर परत पहिल्यासारखा करा, विंडोज जशी होती तशी उघडते.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी

बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रासाठी नुसता ड्रायव्हर पुरत नाही, त्याची आरडी सर्व्हिसही (आधार पडताळणीसाठी लागणारं त्या यंत्राचं सॉफ्टवेअर) टाकावी लागते. दोन्ही त्या यंत्राच्या कंपनीच्या साइटवरून घ्या आणि ते बसल्यावरच केबल लावा. जुन्या यूएसबी प्रिंटरचंही तसंच, आधी ड्रायव्हर, मग केबल. सोमवारी सकाळी केंद्रापुढे रांग लागलेली असताना फॉरमॅटचं काम काढू नका. शनिवारी संध्याकाळी करा, म्हणजे एखादा ड्रायव्हर सापडला नाही तर रविवार हाताशी असतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून मला रोज विचारतात, "मग ११ टाकू का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर धरतात. दहा वर्षांच्या लॅपटॉपवर आडवळणाने ती बसवता येते, पण त्याच्या ग्राफिक्सचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर कंपनीने त्या विंडोजसाठी बनवलेलाच नसतो. ज्याला अर्ज भरायचे, पीडीएफ बघायचे आणि तास ऐकायचे आहेत, त्याला मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) दाखवतो. त्यात बहुतेक ड्रायव्हर आधीपासूनच असतात. ब्रॉडकॉमचं वायफाय तेवढं कधी रुसतं, तेव्हा फोनच्या केबलने नेट देऊन ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा.

सगळं नीट चालायला लागलं की त्याच दिवशी फाइलरिपॉझिटरीची ताजी कॉपी काढून ठेवा. पेनड्राइव्हला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर लॅपटॉपचा नंबर आणि विंडोज किती बिटची ते लिहा. चोपड्याच्या मुलीने तसं केलं आहे. तो पेनड्राइव्ह तिने लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय, चार्जरबरोबर.